सोलर झटका संच आणि फिरती चराई: कोकणातल्या वरकस जमिनीवर हा खोका किती कामाचा?

कृषी सेवा केंद्रात किंवा ऑनलाइन ‘सोलर झटका मशीन, संपूर्ण संच’ म्हणून जो खोका मिळतो त्यात साधारण एवढे निघते: कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारी १२ व्होल्टची मशीन, १० किंवा २० वॉटचे पॅनेल, ७ अँपिअर-तासांची बॅटरी, ५०० मीटर क्लच वायर (बारीक तारा पिळून केलेली कुंपणाची तार), प्लास्टिकचे इन्सुलेटर, अर्थिंगची एक सळई आणि धोक्याच्या दोन पिवळ्या पाट्या. डुक्कर शेतात शिरू नये म्हणून घाटावरच्या ऊस-मक्याला डोळ्यासमोर ठेवून हा संच बांधलेला असतो. इथे त्याची परीक्षा उलट्या कामासाठी आहे. गुरे आत ठेवायची, कुरणाचे तुकडे पाडायचे आणि रोज नवा तुकडा चारायचा.

निकाल आधीच सांगून टाकू. मशीन चांगली, तार ठीक, बॅटरी आषाढात अपुरी, अर्थिंग, आणि वेगळे विकत मिळणारे खुंटही, आपल्या कातळावर जवळजवळ निरुपयोगी. मशीन, टेस्टर (तारेतले व्होल्टेज दाखवणारे उपकरण) आणि तार वेगवेगळी घेऊन बाकीचे घरच्या सामानातून उभे केले तर काम होते. खोका जसाच्या तसा लावला तर पहिल्याच आठवड्यात गाई तार ओलांडतात आणि मालक मशीनला शिव्या घालतो.

हे सगळे कशासाठी, तेही थोडक्यात. कोकणात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण गवत वाढते ते जून ते ऑक्टोबर. गुरे मोकळी सोडली की ती वाडीजवळचा कोवळा पट्टा पुन्हापुन्हा खरवडतात आणि सड्यावरचे, म्हणजे कातळाच्या माळावरचे, लांबचे गवत तसेच निसवून वाळते. जवळच्या पट्ट्यात मग टाकळा आणि रानमोडी माजते, लांबच्या पट्ट्यात कुसळ आणि पुढे वणवा. म्हणजे एकाच जमिनीवर एकीकडे अति चराई आणि दुसरीकडे अजिबात नाही. गवताचे पाते एकदा तोडले की मुळातला साठा खर्चून ते फुटते. त्या फुटव्याला परत तोंड लागले की मूळ आखडते. त्यामुळे फिरत्या चराईत खरी किंमत गुरे आत असण्याच्या दिवसाला नाही, ती नसण्याच्या दिवसांना आहे. झटक्याची तार हे विश्रांतीचे दिवस पाळून घेणारे साधन आहे, एवढेच. राखण्या मिळत असेल आणि तो ऐकणारा असेल तर तारेशिवायही जमते. हल्ली दोन्ही मिळणे कठीण.

आता हिशेब, कारण तारेची लांबी आणि मशीनची ताकद त्यावरच ठरते. कोकण कपिला किंवा तिच्याच बांध्याची गावठी गाय सव्वादोनशे किलोच्या आसपास धरा. तिला दिवसाला वजनाच्या अडीच ते तीन टक्के कोरडा चारा लागतो, म्हणजे साडेसहा किलो. चार गाईंना २६ किलो. श्रावणातल्या गवतात पाचात चार भाग पाणीच असते, तेव्हा हिरवे झाले १३० किलो. बांबूच्या पट्ट्यांची एक मीटर बाय एक मीटरची चौकट करा, कुरणात पाच ठिकाणी टाका, जमिनीपासून चार बोटे सोडून विळ्याने गवत कापा, टाकळा-तेरडा निवडून बाजूला करा, पाणी झटकून वजन करा. समजा सरासरी ८०० ग्रॅम आले. त्यातले साठ टक्के पोटात जाते, बाकी तुडवले आणि शेणाखाली जाते. म्हणजे मीटरमागे ४८० ग्रॅम, आणि चार गाईंना रोज सुमारे २७० चौरस मीटर. पावणेतीन गुंठे.

दोन एकरांचा, ६० बाय १३५ मीटरचा वरकस, म्हणजे भाताखाली नसलेल्या हलक्या जमिनीचा, तुकडा घ्या. मधोमध लांबीच्या दिशेने एक तार टाकली की ३० मीटर रुंदीचे दोन पट्टे पडतात. रोज ९ मीटर पुढे सरकायचे. एका पट्ट्यात १५ तुकडे, दोन्हींत ३०. महिन्याने पहिल्या तुकड्यावर परत. मधली तार न टाकता ६० मीटरचे साडेचार मीटर रुंद बोळ पाडले तर क्षेत्र तेवढेच भरते, पण गाई बोळातून येरझारा घालत निम्मे गवत तुडवतात. तुकडा चौरसाच्या जितका जवळ तितका बरा.

आणि इथेच खोक्यातली पहिली खोट उघडी पडते. कडेची तार ३९० मीटर आणि मधली १३५, एकूण ५२५. खोक्यात ५००, त्यातही गाठी, वळणे आणि कवाडाजवळचे तुकडे जातात. एका बाजूला चांगला गडगा (दगड रचून केलेली कुंपणाची भिंत) असेल तरच भेंडोळे पुरते. आडव्या फिरत्या तारांसाठी क्लच वायर घेऊच नका. ती रोज गुंडाळली की पीळ पडून कुठेतरी आतल्या आत तुटते. त्यासाठी पॉलीवायर लागते, म्हणजे प्लास्टिकच्या दोऱ्यात विणलेल्या बारीक धातूच्या तारा. ३० मीटरचे तीन तुकडे आणि तीन हाती रिळे: एक गाईंच्या पुढे, एक मागे, एक उद्याच्या तुकड्यासाठी आधीच ताणून ठेवलेली. पॉलीवायर घेताना आतल्या तारा मोजा. ०.२ मिलिमीटरच्या तीन स्टील तारा असतील तर मीटरमागे साडेसात ओहमच्या आसपास विरोध भरतो. ३० मीटरला चालून जाते. तीच दोरी कडेला ४०० मीटर लावली तर शेवटच्या टोकाला झटका नावापुरता उरतो.

मशीनकडे वळू. खोक्यावर ‘१२,००० व्होल्ट’ ठळक छापलेले असते आणि गिऱ्हाईक त्यालाच भुलते. हा आकडा तार कशालाच टेकलेली नसतानाचा. गवत टेकले की व्होल्टेज उतरते आणि किती उतरते ते मशीनच्या जूलवर, म्हणजे प्रत्येक ठोक्यातल्या ऊर्जेवर, ठरते. दुकानदाराला एकच विचारा: बाहेर पडणारे जूल किती? ‘साठवलेले जूल’ वेगळे, ते नेहमी जास्त असतात. चार-सहा गाई आणि सहाशे मीटरपर्यंत तार असेल तर बाहेर पडणारा एक जूल पुरे. तारेच्या शेवटच्या टोकाला पावसातसुद्धा साडेतीन हजार व्होल्ट मिळाले पाहिजेत, त्याखाली गाय तारेला भीक घालत नाही. म्हणून दिव्यांचा का होईना, टेस्टर हवाच, आणि तोच खोक्यात नसतो. कुंपणाच्या अशा मशीनसाठी भारतीय मानक आहे, आयएस ३०२ भाग २ विभाग ७६. त्याचा उल्लेख पाटीवर नसलेली मशीन घेऊ नये. ठोका सेकंदाला एक, याहून जलद नको. दोन ठोक्यांमधल्या मोकळ्या वेळातच माणूस किंवा जनावर तारेपासून सुटते. घरच्या २३० व्होल्टची वायर थेट कुंपणाला जोडणे हा गुन्हा आहे आणि त्याने माणसे मेली आहेत. ‘बॅटरी उतरली तर रात्रीपुरते’ हेसुद्धा नाही.

अर्थिंगवर जास्त लिहिणे भाग आहे, कारण कोकणातल्या दहातल्या आठ तक्रारी इथूनच निघतात. झटका तारेतून गाईत, गाईच्या खुरांतून जमिनीत आणि जमिनीतून सळईवाटे मशीनकडे परत, असा फिरतो. हा परतीचा रस्ता खराब असेल तर मशीन कितीही मोठी घ्या. खोक्यातली सळई दीड-दोन फुटांची, एकच, आणि पुष्कळदा नुसत्या लोखंडाची. लागतात तीन, जस्ताचा मुलामा असलेल्या, प्रत्येकी सहा फूट, एकमेकींपासून दहा फुटांवर, एकाच अखंड तारेने क्लँप लावून जोडलेल्या. आता सड्यावर सहा फूट सळई ठोकून दाखवा. वरची वीतभर माती संपली की पहारही उसळते. सळई आडवी पुरणे, कातळाच्या भेगेत खोचणे हे उपाय आषाढात चालल्यासारखे वाटतात, कारण सगळीकडे पाणीच असते. दिवाळीनंतर जांभा कोरडा झाला की झटका गेला.

उपाय सोपा आहे: अर्थिंग मशीनजवळच हवे असे नाही. प्लास्टिक आवरणाची तार १०० मीटर ओढून सळया खालच्या मातीत ठोका. ओहोळाच्या काठी, भाताच्या कुणग्याच्या कोपऱ्यात, किंवा सगळ्यात उत्तम म्हणजे माडा-केळीच्या आळ्यात, जिथे मोरीचे पाणी बारा महिने मुरते. घराच्या विजेच्या अर्थिंगपासून दहा मीटर तरी लांब राहा. गोठ्याच्या भिंतीलगत सळई नको. तिथली ओली जमीन आणि लोखंडी गव्हाण यांतून बारीक झटके लागायला लागले की गाय पाणी प्यायला बिचकते आणि दूध चोरते.

तपासायची रीत अशी. मशीनपासून शंभर मीटर लांब जाऊन, मशीन बंद असताना, दोन-तीन पहारी जमिनीत खोचून तारेला टेकवा आणि मशीन चालू करा. तारेवरचे व्होल्टेज २,००० च्या खाली येईपर्यंत पहारी वाढवा. मग शेवटच्या सळईपासून मीटरभरावर एक खिळा ठोकून सळई आणि खिळा यांच्यामध्ये टेस्टर लावा. ३०० च्या वर दाखवले तर अर्थिंग कमी आहे, आणखी सळई ठोका. ही चाचणी मार्गशीर्षात परत करायची. पावसात पास झालेले अर्थिंग तेव्हा हमखास नापास होते.

कातळच कातळ असेल तर दोन तारांची पद्धत घ्या. वरची तार झटक्याची, तिच्याखाली वीतभर अंतरावर दुसरी, ती अर्थिंगला जोडलेली. गाय मान घालते तेव्हा दोन्ही तारा एकदम टेकतात आणि जमिनीचा संबंधच उरत नाही. तार दुप्पट लागते, पण उन्हाळ्यात सड्यावर हीच एक पद्धत खात्रीची.

खुंटांचेही तेच. पायाने दाबून रोवायचे प्लास्टिकचे खुंट काळ्या मातीसाठी झकास, जांभ्यावर त्यांचा लोखंडी दात वाकतो. फिरत्या तारेसाठी अर्धा चिरा (जांभ्याचा घडीव दगड) घ्या, मधोमध ड्रिलने भोक पाडा आणि त्यात फायबरची कांडी उभी करा. अर्धा चिरा चौदा-पंधरा किलो भरतो, वाऱ्याने हलत नाही आणि एका माणसाला उचलता येतो. ३० मीटरला असे पाच. भोक आरपार पाडा, नाहीतर त्यात पाणी साचून डास होतात. सड्यावर थेट भोके पाडणार असाल तर आधी खराट्याने कातळ झाडून बघा. रत्नागिरी-राजापूर भागातल्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत आणि काही अजून गवताखालीच असतील.

कडेच्या तारेला चिव्याचे (बारीक बांबूचे) खुंट चालतात, पण ते दोन पावसाळ्यांत कुजतात. गिरिपुष्पाचे मेढे मिरगात लावले की फुटतात आणि कायमचे उभे राहतात. पाला तारेला टेकू लागला की छाटून गाईंना घालायचा. सपाटीवर सात मीटरला एक मेढा, चढ-उताराला त्याहून जवळ, नाहीतर खोलगटात वासरू खालून निसटते. तारेची उंची गाईच्या नाकाला येईल अशी, आपल्या बुटक्या गुरांना ७० ते ७५ सेंटिमीटर. वासरे असतील तर ४५ वर आणखी एक. कंपन्यांच्या माहितीपत्रकातली ९० सेंटिमीटर उंची जर्सी-होल्स्टीनची. आपली पाडी तेवढ्या तारेखालून कान न हलवता जाते.

बॅटरीचा हिशेब घरी करून मगच पैसे द्या. मशीनच्या पाटीवर १०० मिलिअँपिअर लिहिले असेल तर दिवसाला २.४ अँपिअर-तास. ७ ची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे सूर्य न दिसता ती दीड दिवस पुरते. आषाढात दिवसभर मळभ असते. २० वॉटचे पॅनेल भर उन्हात एक अँपिअरच्या जरा वर देते, पावसाळी दिवसात सगळे मिळून दोन अँपिअर-तास मिळाले तरी खूप. १० वॉटच्या पॅनेलचे काय होणार ते उघड आहे. १८ ची बॅटरी आणि ४० वॉटचे पॅनेल घेतले की सुटका होते. बिबट्याच्या भीतीने गाई रात्री गोठ्यातच असतात, तेव्हा रात्री मशीन बंद ठेवून निम्मी बॅटरी वाचवता येते. मात्र गावात उनाड गुरे असतील तर ती नेमकी रात्रीच तुमच्या विश्रांतीच्या तुकड्यावर येतात. गव्यांचा कळप आला तर चालू तारही तुटते, त्याला इलाज नाही.

खारा वारा हा वेगळाच शत्रू. खाडीकाठी आणि किनाऱ्यालगत इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो आणि दमट रात्री तारेतून टिकटिक ऐकू येते. गणपतीपासून पुढे पाऊस कमी झाला की महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा, मशीन बंद करून. पितळी टर्मिनलला ग्रीस लावा. मशीनमध्ये येणारी प्रत्येक वायर आधी खाली झोल देऊन मग वर आत जाऊ द्या, नाहीतर वायरीवरून पाणी थेट आत उतरते. पेटीची उरलेली भोके एम-सीलने बुजवा. मुंग्या आणि पाली ऊब शोधत आत शिरतात आणि सर्किटवर आडव्या होतात. हे नुकसान वॉरंटीत बसत नाही.

गाईंना तार शिकवावी लागते, आणि हे कुरणात शिकवायचे नसते. अंगणात किंवा गडग्याच्या आत पाच-सहा मीटर तार लावा, पलीकडे मोकळी वाट दिसू देऊ नका, तारेला चकचकीत पत्र्याच्या पट्ट्या बांधा. गाय नाकाने हुंगायला येते, ओल्या नाकाला पहिला झटका बसतो आणि ती मागे सरते. पाठीला किंवा कुल्ल्याला पहिला बसला तर ती पुढे उधळते आणि तार तोडून जाण्याची सवय तिथेच लागते. म्हणून मागून हाकू नका. दोन दिवस पुरतात. बैलांच्या शिंगांतून झटका कळत नाही. शिंगाने तार उचलायला शिकलेला बैल बाकीच्यांनाही बिघडवतो, त्याला दाव्यालाच बांधा.

वर्षाचे वेळापत्रक आकड्यांत बांधता येत नाही, गवत बघून ठरवावे. मिरगाच्या पहिल्या फुटव्यावर गुरे घालणे ही सगळ्यात महागात पडणारी घाई. गवत वीतभर होईपर्यंत, म्हणजे साधारण जुलैच्या सुरुवातीपर्यंत, गोठ्यात पेंढ्यावर काढा. आत घालायचे वीतभर उंचीवर, बाहेर काढायचे चार बोटांवर. जुलै-ऑगस्टमध्ये तेच गवत २२ ते २५ दिवसांत परत तयार होते, मग ३० तुकड्यांतले पाच-सहा शिल्लक पडतात. ते कापून गवत करून ठेवा, गुरे घालून वाया घालवू नका. भाद्रपदात उलट घाई करायची. कुसळी निसवायच्या आत एक फेरी उरकली पाहिजे, एकदा कुसळ आले की गाय तोंड लावत नाही आणि लावले तर हिरड्यांत टोचते. ऑक्टोबरात विश्रांती ३५-४० दिवसांवर जाते. नोव्हेंबरपासून वाढ थांबते. आता तार विश्रांतीसाठी नाही, उभे वाळके गवत रोज मोजून देण्यासाठी. एकदा चारलेल्या तुकड्यावर पुढच्या पावसापर्यंत पाऊल नाही.

ओल्या दिवसांत एका तुकड्यात तीन दिवसांहून जास्त ठेवू नये, याला दुसरेही कारण आहे. शेणातल्या जंतांच्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या उबदार ओलाव्यात आठवड्याभरात लागण करण्याजोग्या होतात. गाय त्याआधी पुढे गेली की बरेचसे टळते. गोचीड मात्र यात सापडत नाही, तिची पिल्ले उपाशीपोटी कित्येक आठवडे गवतावर थांबतात. त्यामुळे फिरत्या चराईने गोचीड गेली असे कोणी सांगितले तर मान डोलवा आणि औषध चालू ठेवा. कुणग्यांच्या कडेला पाणथळीत चारले तर गोगलगाईंवाटे यकृताचे चपटे कृमी येतात. तो पट्टा तारेबाहेर ठेवलेला बरा.

पाण्याचे विसरू नका. दुभत्या गाईला ३० ते ४० लिटर लागते. टाकी रोज हलवता येत नसेल तर मधल्या तारेलगत दोन्ही पट्ट्यांना पुरेल अशी ठेवा. तिच्याभोवती चिखल होणारच, तिथे जांभ्याची खडी टाका.

कोणी घेऊ नये? एक-दोन गुरे असतील त्यांनी. लांब दावे आणि दिवसातून दोनदा हलवलेली खुंटी हेच काम फुकटात करते. कलमांच्या बागेत चारणाऱ्यांनीही विचार करावा, कोवळ्या कलमांना दुहेरी तार लागते आणि फांद्या सतत टेकतात. पाखाडीलगत (पायऱ्यांच्या पायवाटेलगत) किंवा शाळेच्या वाटेवर तार असेल तर पन्नास मीटरला एक पाटी लावा. खोक्यातल्या दोन पाट्या त्याला पुरणार नाहीत. गणपतीत चाकरमानी आणि पोरे वाडीभर फिरतात, तेवढे दिवस वाटेकडची बाजू बंद ठेवली तर वाद टळतात. ऑक्टोबर आणि मे महिन्यातल्या गडगडाटी पावसात मशीनच्या दोन्ही वायरी काढून ठेवा. वीज तारेवर पडली तर मशीन वाचत नाही.

दुकानात काउंटरवरच मशीन चालू करून मागा. दहा फूट तार, एक ओला सुतळीचा तुकडा आणि टेस्टर एवढ्याने कळते: सुतळी तारेवरून मशीनच्या अर्थिंगच्या टर्मिनलला टेकवल्यावर व्होल्टेज निम्म्याहून खाली कोसळले तर ती मशीन आपल्या पावसाळी गवतासमोर टिकणार नाही. वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख तिथेच मारून घ्या, आणि दुरुस्ती कुठे होते ते विचारा. मशीन कुरिअरने परराज्यात पाठवावी लागणार असेल तर श्रावणात तीन आठवडे तारेशिवाय काढावे लागतील, तेव्हा मशीनचे सुटे सर्किट कार्ड गावाजवळ कोण बसवून देतो ते माहीत असलेलेच मॉडेल घ्या.